‘ख्रिस्ती’ आणि ‘कॅथलिक’ ही नावं नेमकी कुठून आली?

अक्षरवेध: शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम अंत्युखिया या प्राचीन शहरात मिळालं, असं बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (११:२६) आहे. ते त्यांनी स्वतः घेतलं की इतरांनी ठेवलं? आणि ‘कॅथलिक’ कधीपासून?

शब्दमूळ: इतरांनीच ठेवलं असावं. ग्रीक शब्द ‘ख्रिस्तियानोस’. त्यातला ‘-इयानोस’ हा मुळात लॅटिन प्रत्यय, पुढाऱ्याच्या नावाला लावून त्याची माणसं दाखवणारा: रोमन सेनापती पॉम्पेचे ते पॉम्पेइयानी. ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अभिषिक्त, ही पदवी. पण हा शब्द घडवणाऱ्याला ते एखाद्या पुढाऱ्याचं नाव वाटलेलं दिसतं. नव्या करारात तो अवघा तीनदा येतो, त्यात एकदा अग्रिप्पा राजाच्या तोंडी (कृत्ये २६:२८). आपापसात ते ‘शिष्य’, ‘बंधू’, ‘पवित्र जन’ म्हणत आणि चळवळीला नुसतं ‘मार्ग’ (९:२). प्रेषित पौलाविरुद्धचा वकील मात्र ‘नाझरेथकरांचा पंथ’ म्हणतो (२४:५).

हस्तलिखित: थोडी पुरवणी. ११:२६ मधलं क्रियापद कर्तरी आहे, म्हणून काही अभ्यासक ‘स्वतःच घेतलं’ असं मानतात. प्रत्ययाचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो.

स्पेलिंगही पाहा. ‘ख्रेस्तोस’ म्हणजे गुणी, उपयोगी. गुलामांचं हे नेहमीचं नाव. ‘ख्रेस्तोस’मधलं ग्रीक अक्षर ईटा (लांब ‘ए’) उच्चारात ‘इ’कडे सरकल्यामुळे ‘ख्रिस्तोस’ आणि ‘ख्रेस्तोस’ सारखेच ऐकू येत. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘अॅनल्स’ या ग्रंथाच्या (१५.४४) फ्लॉरेन्समधल्या हस्तलिखितात आधी ‘ख्रेस्तियानोस’ लिहिलेलं होतं. नंतर त्यातला ‘e’ खरवडून ‘i’ केलाय. पुढच्या ‘s’आधी मोकळी जागा राहिलेली दिसते. सायनायटिकस या बायबलच्या प्राचीन प्रतीत तर तिन्ही ठिकाणी ईटाच आहे.

अक्षरवेध: आणि ‘कॅथलिक’?

शब्दमूळ: ‘कथ’ होलू’, म्हणजे समग्राला धरून. चर्चसाठी हा शब्द आपल्याला पहिल्यांदा सापडतो तो अंत्युखियाच्याच बिशप इग्नेशियसच्या स्मुर्णा शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्रात (अध्याय ८, साधारण इ.स. ११०). इथे ‘रोमन कॅथलिक’ असा अर्थ लावणं ही सर्रास होणारी चूक. तिथे अर्थ ‘सगळीकडचं मिळून एक चर्च’ असा आहे. इंग्रजीतल्यासारखं मोठं-लहान अक्षर (C की c) पाहूनही काही ठरत नाही, तेव्हाच्या ग्रीक लिपीत तो भेदच नव्हता.

फुटून निघालेल्या गटांशी वाद वाढले तसा ‘योग्य शिकवणीचं’ हा अर्थ चिकटला. २७ फेब्रुवारी ३८० च्या रोमन सम्राट थिओडोसियसच्या फर्मानाने त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानणाऱ्यांना ‘कॅथलिक ख्रिस्ती’ हे नाव कायद्याने दिलं. ‘रोमन’ हे विशेषण रूढ झालं ते सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर. ऑर्थोडॉक्स चर्च मतांगीकारात (श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत) आजही स्वतःला ‘कॅथलिक’ म्हणतं, त्याच जुन्या अर्थाने.