दादांचा आजार आटोक्यात आहे, पण वहिनी खचत चालल्या आहेत

प्रश्न (तासगाव तालुका)

माझ्या थोरल्या भावाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार आहे. औषधे नियमित सुरू असल्याने त्यांचे भास बरेच कमी झाले असून द्राक्षबागेतील विरळणीसारखी कामे ते पुन्हा करू लागले आहेत. मला चिंता आहे ती वहिनींची. दादांनी गोळी गिळली की गालात धरून ठेवली हे पाहण्यापासून रात्री ते अंगणात येरझारा घालू लागले की जागे राहण्यापर्यंत सर्व काही त्या एकट्या करतात. माहेरच्या लग्नकार्यालाही त्या जात नाहीत आणि गल्लीतून हळदी-कुंकवाचे बोलावणे येणेही आता थांबले आहे. परवा त्या म्हणाल्या, "डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागलाच तर उठावंसं वाटत नाही." मी नोकरीसाठी पुण्यात असतो. येथून मी काय करू शकतो?

उत्तर १ (शुभंकर, पुणे)

वहिनींचे ते वाक्य गांभीर्याने घ्या. झोप उडणे आणि उठण्याची इच्छाच न होणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यामुळे दादांच्या तपासणीच्या दिवशी वहिनींच्या नावाचाही स्वतंत्र केसपेपर काढा. त्यांना केवळ 'सोबत आलेली बाई' समजू नका. आपण पुण्यात आहातच, तर डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या स्वमदत गटात एकदा जाऊन बसा. मी तेथे जाऊ लागलो तेव्हा, माझ्यासारखेच गोळ्या मोजणारे लोक समोर बसलेले पाहून मला जो धीर आला, तो एकाही नातेवाइकाच्या सल्ल्याने आला नव्हता. "काही लागलं तर सांग" असे वहिनींना म्हणू नका, कारण त्या कधीच सांगणार नाहीत. त्याऐवजी ठरावीक काम स्वतःकडे घ्या: महिन्याची औषधे आणणे आपले, आणि एका शनिवार-रविवारी दादांजवळ राहणेही आपले. त्या दोन दिवसांत वहिनींनी माहेरी जावे. दादांच्या गोळ्यांच्या वेळा त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या, म्हणजे त्यांना तेथून फोनवर फोन करावे लागणार नाहीत.

उत्तर २ (निवृत्त समाजसेवा अधीक्षक)

औषधांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आपल्या जवळच्या शासकीय रुग्णालयात कोणत्या वारी येते, हे आशाताईंना विचारा. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या की आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. झोप कमी होणे, बोलणे तुटणे, अंघोळ टाळणे ही त्याची आरंभीची चिन्हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार दादा ठीक असतानाच साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत साथ देणारी विश्वासाची व्यक्ती, नेमू शकतात. तो प्रतिनिधी आपण व्हावे, असे मी सुचवेन. म्हणजे पुढे कधी दाखल करण्याचा कटू प्रसंग आला, तर त्या निर्णयाचे ओझे एकट्या वहिनींवर पडणार नाही. टेलि-मानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या शासकीय सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. तो वहिनींच्या मोबाईलमध्ये जतन करून द्या.

उत्तर ३ (मिरज)

गल्लीतील बायकांना बहुधा भीती वाटत असते, दुष्टावा नसतो. आमच्याकडे एका शेजारणीने पुढाकार घेऊन संध्याकाळचा चहा त्या घरी जाऊन घ्यायला सुरुवात केली, आणि मग बाकीच्याही जाऊ लागल्या. गल्लीत आपल्या विश्वासाच्या एखाद्या काकू असतील, तर त्यांच्याशी स्वतः भेटून बोला.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारी मी गावी जात आहे. दादा पूर्वी भजनात पखवाज वाजवत असत. आता रात्रीच्या भजनाला त्यांना पुन्हा नेले, तर जागरणाने त्रास वाढेल का?

उत्तर २ (निवृत्त समाजसेवा अधीक्षक)

जरूर न्या, परंतु पहिला तासभरच. रात्रीची गोळी आणि झोप यांची वेळ मोडू देऊ नका, आणि मंडळातील एकाने त्यांना घरापर्यंत सोडायचे हे आधीच ठरवून ठेवा.