यादीचे पाच भाग करावेत का?

प्रेषक: सचिव
विषय: यादीचे पाच भाग करावेत का?

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून आपल्या न्यू जर्सीतल्या खानदेशी मंडळींच्या ईमेल-यादीवर (एकाने लिहिलं की सगळ्यांना जातं ती) मेल फार वाढल्या आहेत. एका यादीच्या पाच याद्या कराव्यात अशी सूचना कार्यकारिणीपुढे आली आहे: कार्यक्रम, वधूवर, खाणंपिणं, अहिराणी आणि लेवा बोली, मदत. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. रविवारपर्यंत मतं कळवा. नुसतं हो किंवा नाही नको, तुम्ही यादी कशी वाचता तेही लिहा.

प्रेषक: भुसावळची ताई
विषय: रि: यादीचे पाच भाग करावेत का?

माझा होकार. मी कामावर जाताना ट्रेनमध्ये फोनवर वाचते. परवा बत्तीस मेल आल्या, त्यातल्या सव्वीस मांड्यांच्या पुरणात गूळ की साखर यावर. मला मांडे आवडतात, पण सकाळी सात वाजता सव्वीस वेळा नाही. आणखी एक विनंती: उत्तर देताना खालचा सगळा मजकूर तसाच ठेवू नका. एका ओळीच्या ‘वा, छान’साठी अंगठा दुखेपर्यंत सरकवावं लागतं.

प्रेषक: अमळनेरचा दादा
विषय: रि: यादीचे पाच भाग करावेत का?

सचिवताई, मंडळी,

मी सध्या अमळनेरला आईकडे आहे. तुमची न्यू जर्सीतली रात्रीची चर्चा मला इथे सकाळच्या चहाबरोबर एकगठ्ठा मिळते. भुसावळच्या ताईंचा त्रास खरा आहे, तरी पाच याद्यांना माझा विरोध आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आई मोरीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. इथल्या डॉक्टरांनी ताबडतोब जळगावला न्यायला सांगितलं आणि घरात सोबतीला कोणी नव्हतं. मी तिकडे, रात्रीचे अकरा वाजलेले, इथे सकाळचे साडेनऊ. फोनवर यादीची जी मेल उघडी होती तिलाच ‘उत्तर’ दाबलं. जळगावात कोणी असेल तर आईजवळ जा, एवढं लिहिलं आणि पाठवलं.

ती मेल वांग्याच्या भरताची होती. त्या आठवड्यात भरताचा धागा, म्हणजे त्या विषयावरच्या उत्तरांची साखळी, ऐंशी मेलच्या पुढे गेला होता. बामणोदची वांगी, ती कपाशीच्या काड्यांवर भाजावीत की गॅसवर चालतील, लाकडाच्या बडगीत ठेचायची की मिक्सरमध्ये फिरवायची. वैतागून कित्येकांनी तो धागा म्यूट केला होता आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्यूट केलेल्या धाग्यातलं नवं उत्तर इनबॉक्समध्ये येतच नाही. आपल्यातली तीन घरं त्या आठवड्यात जळगावात सुट्टीला आलेली होती. एकाने माझी मेल दोन दिवसांनी वाचली आणि फोन करून रडला. आईला तोवर शेजारच्या पोराने गाडीत घालून नेलं होतं. ती बरी झाली, आता काठी घेऊन घरभर फिरते. आत्ता हे लिहितोय तेव्हा मागे तिची कळण्याची भाकरी थापल्याचा आवाज येतोय.

त्या दिवशी ‘मदत’ नावाची वेगळी यादी असती तरी मी तिच्यावर लिहिलं नसतं. घाबरलेला माणूस पत्ता शोधत बसत नाही. आणि त्या यादीत नाव तरी कोण घालणार? ज्याला आज गरज नाही तो घालणार नाही, आणि मला त्या दिवशी नेमका तोच हवा होता.

दुसरं असं, की आपल्या गप्पा एका खणात राहत नाहीत. भरतावरून कळण्याच्या भाकरीवर गेलो, तिथून यावलच्या वहिनींनी लेवा बोलीतले स्वयंपाकघराचे शब्द काढले, मग कोणीतरी अहिराणीत ‘डाळ’ची ‘डाय’ कशी होते ते लिहिलं. हे खाणंपिणं की बोली? दोन याद्या असत्या तर भाकरीची मेल वहिनींपर्यंत गेलीच नसती आणि ते शब्द कुणी लिहून ठेवले नसते.

मला हवा तो बदल लहान आहे. बोलणं दुसरीकडे गेलं की विषयाची ओळ बदला आणि जुना विषय कंसात ठेवा, म्हणजे ‘लेवा बोलीतले शब्द (पूर्वी: भरीत)’. अगदीच नवी गोष्ट असेल तर ‘उत्तर’ दाबूच नका, कोरी मेल उघडा. जुनी ओळ पुसून नवी लिहिली तर काम अर्धंच होतं. प्रत्येक उत्तराच्या पोटात आधीच्या मेलची ओळखखूण दडलेली असते. आपल्याला ती दिसत नाही, पण थंडरबर्डसारखा प्रोग्राम तिच्यावरूनच धागा रचतो आणि तुमची नवी मेल जुन्याच फांदीला टांगतो. जीमेल विषयाची ओळही बघतं, म्हणून तिथे ती सुटी होते. आपण सगळे एकाच खिडकीतून बघत नाही, हे लिहिताना लक्षात ठेवा.

प्रेषक: चाळीसगावचा भाऊ (यादीची तांत्रिक बाजू)
विषय: टॉपिकची सोय (पूर्वी: यादीचे पाच भाग करावेत का?)

दादा, तुमची ती मेल मीही म्यूटमध्येच घालवली होती. आजवर बोललो नव्हतो.

आपली यादी मेलमॅन 2.1 या याद्या चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालते. तिच्यात टॉपिकची सोय आहे, आपण ती कधी चालू केली नाही. विषयाच्या ओळीत [वधूवर] किंवा [कार्यक्रम] असं लिहायचं आणि ज्याला तेवढंच हवं त्याने तेवढंच निवडायचं. काहीच न निवडणाऱ्याला आजच्यासारखं सगळं मिळेल. यादी एकच राहते आणि ताईंचे मांडेही थांबतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतील. डायजेस्ट, म्हणजे सगळ्या मेल एका मेलमध्ये एकत्र, घेणाऱ्यांना ही निवड लागू होत नाही. आणि टॉपिक निवडताना खाली विचारलेलं असतं, की कुठल्याच टॉपिकात न बसणाऱ्या मेल हव्यात का. तिथे ‘हो’ करा. ‘नाही’ राहिलं, तर दादांनी पाठवली तशी घाईतली, खूण न लावलेली मेल तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

प्रेषक: धुळ्याचे नाना
विषय: रि: टॉपिकची सोय

राम राम मंडळी.

मी डायजेस्टवाला. दिवसाची सगळी यादी एका मेलमध्ये येते, ती मी वर्तमानपत्रासारखी वरून खाली वाचतो. मला धागे नकोत, आधी काय आलं आणि नंतर काय आलं तो क्रम हवा. माझी अडचण वेगळी आहे. मी उत्तर दिलं की विषयाच्या जागी ‘डायजेस्ट खंड 12, अंक 40’ असं जातं आणि मी कोणाशी बोलतोय ते कुणालाच कळत नाही. यापुढे विषय हाताने लिहीन.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी आमच्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद बघायला जायचो. पेशवाईतल्या पत्रांवर पुष्कळदा चंद्र (म्हणजे तारीख) आणि महिना असतो, साल नसतं. पत्र हातात असतं, अक्षर लागतं, पण ते कोणत्या वर्षात बसवायचं यावर अभ्यासकांचे दिवसच्या दिवस जातात. लिहिणाऱ्याला ते साल ठाऊकच होतं, म्हणून त्याने लिहिलं नाही. आपल्या नातवंडांनी कधी ही यादी उघडली, तर त्यांना लेवा बोलीचे शब्द ‘रि: रि: भरीत’ या नावाखाली शोधायला लावू नका.

प्रेषक: सचिव
विषय: रि: टॉपिकची सोय

एकोणीस उत्तरं आली. पाच याद्यांची सूचना मागे घेत आहोत. चाळीसगावचे भाऊ या आठवड्यात टॉपिक चालू करतील: वधूवर, कार्यक्रम, खाणंपिणं, बोली. मदतीचा टॉपिक मुद्दाम ठेवलेला नाही, भाऊंनी सांगितलेलं ‘हो’ सगळ्यांनी केलं तर ती मेल सगळ्यांनाच जाईल. डायजेस्टवाल्यांसाठी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. नाना, तुमच्याशी मी फोनवर बोलते.

दादा, आईंना नमस्कार सांगा. यावलच्या वहिनी, तुमचे ते शब्द नव्या विषयाखाली पुन्हा एकदा पाठवाल का?