जिताड्यात गाबोळी का सापडत नाही?

प्रश्न: पेणजवळच्या आमच्या तळ्यात दरवर्षी पावसाळ्यात खाडीतून आणलेली जिताड्याची पिल्ले सोडतो. दोन-तीन किलोंच्या माशांत गाबोळी (पोटातली अंडी) कधीच दिसली नाही. जाणकारांनी कृपया कारण सांगावे.

उत्तर १: जिताडा आयुष्याच्या सुरुवातीला बहुधा नर असतो, साधारण 3 ते 4 वर्षांत प्रौढ होतो आणि पुढे काही वर्षांनी, लांबी 80 सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर, त्याच शरीरातील वृषणांच्या जागी अंडाशय तयार होऊन मादी बनतो. त्यामुळे आपण कापलेले मासे बहुतेक नरच असावेत. मोठ्या मादीला जाळ्यात पकडणे म्हणजे लाखो अंडी गमावणे, हे मात्र आपण सहसा विसरतो.

उत्तर २: वरील उत्तराला पुस्ती जोडतो. हा मासा गोड्या पाण्यात कितीही वाढला, तरी तिथे वीण करत नाही; त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाजवळचे खारे पाणी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास घातलेली तरंगती अंडी एका दिवसाच्या आत फुटतात आणि भरतीबरोबर आत येणारी पिल्ले कांदळवनात व खाजणात (भरतीचे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनीत) आश्रय घेतात. ऑस्ट्रेलियात यालाच बारामुंडी आणि बंगालमध्ये भेटकी म्हणतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पिल्लांची संख्याही दरवर्षी घटते, ते का?

उत्तर १: लहानमोठी पिल्ले एकत्र सोडल्यास मोठी लहानांना गिळतात. आकारानुसार निवडून सोडावीत.