धोतऱ्याला ‘आपलं अयाहुआस्का’ म्हणू नका

तापीकाठ:
काल एका भाऊंची पोस्ट वाचली. पेरू देशात जाऊन अयाहुआस्का, म्हणजे तिकडच्या जंगलातला भास दाखवणारा काढा, घेतलं, एका रात्रीत अहंकार गळाला, जगाकडे बघायची नजरच बदलली. ठीक आहे, ज्याचा त्याचा अनुभव. पण शेवटी लिहिलं की आपल्या सातपुड्यातही धोतरा आहे, आपले भगत हेच करायचे, तो वारसा परत आणू, आणि तिथं माझं डोकं फिरलं. भो, अयाहुआस्कात एक वेल आणि दुसऱ्या झाडाचा पाला असतो. पाल्यातलं डीएमटी, म्हणजे भास दाखवणारं रसायन, नुसतं प्यालं तर पोटातच मोडतं, वेलीतलं हार्मिन ते मोडू देत नाही म्हणून डोक्यापर्यंत पोचतं. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही विषं. त्यानं नजर बदलत नाही, भान जातं. आणि नजर बदलली हे घेणाऱ्यानं सांगून काय उपयोग? बायकोनं सांगावं, आईनं सांगावं, शेतातल्या सालदारानं सांगावं.

अरण्ययात्री:
पोस्ट माझीच आहे. २००६ चा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा अभ्यास वाचा, भास दाखवणाऱ्या मशरूममधल्या सिलोसायबिन या रसायनाचा, ३६ लोक होते. दोन महिन्यांनी त्यांच्या ओळखीच्यांनाही विचारलं होतं आणि त्यांनाही चांगला बदल दिसला. माझं म्हणाल तर शेताच्या वाटणीवरून वडिलांशी बोलणं बंद होतं, परत आल्यावर फोन मी केला. हे खोटं का?

तापीकाठ:
खोटं नाही. पण ते ३६ जण आधीपासून पूजा-प्रार्थना-ध्यान करणारे होते, शेजारी दिवसभर जाणकार माणूस बसलेला. आणि वाटणीचं काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

यावलची लेक:
मी नर्स आहे. महाशिवरात्रीला एका पोराला आणलं, मित्रांनी भांगेत धोतऱ्याचं बी वाटून दिलेलं. बाहुल्या मोठ्या झालेल्या, अंग तापलेलं, तोंड कोरडं ठाक, लघवी तुंबलेली, आणि हवेतून काहीतरी चिमटीनं उचलून खिशात घालत होता. आई उशाशी बसलेली, तिलाच विचारे तू कोण. वारसा म्हणणाऱ्यांनी एक रात्र आमच्या वॉर्डात काढावी.

केळीवाला_रावेर:
दारूनं गावंच्या गावं बसली त्यावर कोणी धागा काढत नाही. पेरूला जायला पैसे आहेत लोकांकडे, इथं केळीला भाव नाही.

डोंगरपाडा:
मी पावरा आदिवासी आहे, माझे आजोबा भगत होते. दाणे बघायचे, जडीबुटी द्यायचे, रात्र-रात्र आजाऱ्यापाशी बसायचे. धोतरा प्यायला देताना मी कधी पाहिलं नाही. न विचारता आमच्या नावावर काहीही खपवता. होळीला फोटो काढायला येता, आणि शिरपूरकडे वनजमिनीवर गांजाची धाड पडली की पेपरात पाड्याचं नाव. माल विकत घेणारा शहरातला सुटतो, खुरपणाऱ्याला बेड्या.

शिरपूरकर:
मग लावता कशाला? १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आहे, सगळ्यांना माहीत आहे.

डोंगरपाडा:
त्याच कायद्यात भांगेचा पाला बसत नाही, म्हणून तुमची भांग प्रसाद आणि आमचं शेत गुन्हा. वनहक्काचा दावा पडून, विहीर मिळत नाही, कर्ज मिळत नाही, आणि कोणीतरी बी आणि उचल घेऊन दारात येतो. त्याचं नाव विचारा ना कधी!

शिरपूरकर:
सगळेच गरीब गांजा लावत नाहीत. माझ्या बापानं कोरडवाहूत आयुष्य काढलं. पण बी देणारा सापडत नाही हे मान्य, ते मीही बघतो.

तापीकाठ:
डोंगरपाडा दादा बोलले तेच मेक्सिकोत झालं. मारिया साबिना ही तिथली भगतीण, त्याच मशरूमनं आजारी माणसाला बरं करायला बसायची. १९५७ ला अमेरिकेतल्या मासिकात लेख आला, मग देव शोधणाऱ्यांची रीघ लागली, पोलीस आले, गाव तिच्यावर उलटलं, घर जाळलं तिचं. ज्यांची नजर बदलली ते आपापल्या घरी गेले.

अरण्ययात्री:
बरं. धोतऱ्याची आणि भगतांची ओळ काढतो, नाहीतर तुम्ही झोपू देणार नाही. बाकी पोस्ट तशीच राहील. वाटणी व्हायची आहे, पण वडील माझ्याशी बोलतात आता, तुम्हाला पटो न पटो.

यावलची लेक:
काढताच आहात तर एक ओळ घाला पण. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना अयाहुआस्का घेतलं तर जिवावर बेतू शकतं. तुमची पोस्ट वाचून कालच एकानं मला मेसेजमध्ये विचारलं, आणि त्याच्या गोळ्या चालू आहेत.