घर आणि बाग टप्प्याटप्प्याने सुधारायची आहे. सुरुवात कोठून करावी?

पागोळी

नमस्कार. आमचे घर बैठे आणि बरेच जुने आहे. पुढे अंगण, मागे थोडी मोकळी जागा आणि एका बाजूला भिंतीलगत फुलझाडांचा लांबट वाफा आहे. बाजूच्या खोलीला रंग देणे, जुने वायरिंग बदलणे, अंगणात फरसबंदी करणे, मागे दोन-तीन मोठी झाडे लावणे आणि बागेला ठिबक सिंचन बसवणे ही कामे करायची आहेत. मात्र वर्षाला एखादे मोठे काम आणि अधूनमधून लहानसहान कामे, एवढेच आम्हाला झेपेल. शिवाय काम चालू असताना राहायचे याच घरात आहे.

गेल्या वर्षी आम्ही रंगापासून सुरुवात केली, कारण ते काम सर्वांत सोपे वाटले. पाच महिन्यांत भिंतीच्या खालच्या भागात रंगाला फुगे आले. आता बोटाने नुसते दाबले तरी पापुद्रा निघतो आणि आतली पांढरी भुकटी हाताला लागते. म्हणजे ते काम पुन्हा करणे आले. एका टप्प्यात केलेले काम पुढच्या टप्प्यात उकरावे लागणार नाही, असा क्रम कसा लावावा? ज्यांनी स्वतःच्या घरात अशी कामे केली आहेत, त्यांनी कृपया सांगावे.

ओळंबा

तुम्ही लिहिलेली पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतली ओल बाहेर येताना विटांतले आणि गिलाव्यातले क्षार बरोबर आणते. पाणी उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. रंगाच्या पाठीमागे ते साचत गेले की रंग कितीही चांगल्या प्रतीचा असला तरी सुटतोच. म्हणून क्रम लावताना कोणते काम सोपे आहे हे न पाहता, घरात आणि घराभोवती पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे आधी पाहावे. छप्पर, पन्हळी, सांडपाण्याचे पाइप आणि जमिनीचा उतार यांची कामे झाल्याशिवाय गिलावा, रंग किंवा फरसबंदी यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

पाण्याचे प्रमाण आपल्या लक्षात येत नाही. एक चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. म्हणजे ८० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटरची एक सर आली तरी २,००० लिटर पाणी खाली येते. ते जोत्याशी मुरू द्यायचे की दूर न्यायचे, याचा निर्णय अंगणात फरशी बसण्याआधी झाला पाहिजे. मातीच्या जमिनीला घरापासून पहिल्या ३ मीटरमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर उतार असावा. फरसबंदीला दर मीटरमागे १ ते २ सेंटिमीटर पुरतो. हा उतार डोळ्यांनी कळत नाही. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोन टोकांना धरून, दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीशी खुणा करून तो मोजावा. मात्र नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खुणा चुकतात.

ओल कोठून येते हे ठरवण्याची एक साधी चाचणी आहे. फुगे आलेल्या जागेवरचा सुटा रंग खरवडून काढा, तेथे हात-दीड हात लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावा आणि त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. दोन दिवसांनी थेंब खोलीच्या बाजूने दिसले तर ते खोलीतल्या हवेचे बाष्प आहे आणि वायुवीजन सुधारणे हा त्यावरचा उपाय आहे. थेंब प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीच्या बाजूने दिसले, तर ओल भिंतीतच आहे. चाचणी करून येथे जरूर लिहा.

पायवाट

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात एकच भर घालतो: प्रत्येक टप्पा असा आखावा की पुढचा टप्पा दोन वर्षे लांबला तरी घर नीट वापरता येईल. मी अंगणाची फरसबंदी आधी उरकली आणि बागेच्या नळाचा विचार नंतर केला. त्यामुळे फरशांची एक ओळ उचलून चर खणावा लागला, आणि नीट धुमस करूनही ती ओळ आज बाकीच्या अंगणापेक्षा बोटभर खचलेली आहे. पाऊस पडला की पाणी नेमके तेथेच साचते. तुम्ही फरसबंदी कराल तेव्हा तिच्या खालून दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, एक पाण्याच्या नळीसाठी आणि दुसरा विजेच्या तारेसाठी. त्यांची तोंडे टोपणाने बंद करा आणि आत एक नायलॉनची दोरी ओवून ठेवा, म्हणजे पुढे काहीही ओढून घेता येते. तसेच भिंतीतले किंवा जमिनीतले जे काही झाकले जाणार आहे, त्याचे झाकण्यापूर्वी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे.

पागोळी

आपणा दोघांचे आभार. चाचणी केली. प्लास्टिकवर आतल्या बाजूने थेंब आले, तेही जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच. त्याच्या वर लावलेला दुसरा तुकडा कोरडा राहिला. मग बाहेर जाऊन पाहिले तर कारण समोरच होते. भिंतीलगतच्या वाफ्यात आम्ही दरवर्षी माती आणि खत घालत गेलो, आणि आता वाफ्याची माती जोत्याच्या वर जवळपास एक फूट चढली आहे. सकाळ-संध्याकाळ झाडांना घातलेले पाणी थेट भिंतीला मिळत होते. बागेची हौस घराच्या मुळावर येत होती, हे पाहून फार वाईट वाटले. आता हा वाफा काढून टाकावा का, आणि भिंत वाळेपर्यंत काय करावे?

अंकुर

वाईट वाटून घेऊ नका. कारण सापडले आणि ते काढून टाकण्यासारखे आहे. माती जोत्याच्या माथ्यापेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली जाईल एवढी उतरवा, आणि वाफा भिंतीपासून थोडा दूर न्या. मधल्या पट्टीत खडी घातली तर पावसाचे शिंतोडे भिंतीवर कमी उडतात. काढलेली माती इतकी वर्षे खत खाल्लेली आहे; ती टाकून न देता मागच्या वाफ्यांत पसरा. फक्त झाडांच्या खोडांभोवती तिचा ढीग करू नका, कारण खोडाची साल सतत ओली राहिली की कुजते.

आता भिंतीविषयी. खराब गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत खरवडून विटा उघड्या ठेवा आणि खोलीत वारा खेळू द्या. दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण एक महिना असा वाळण्याचा ढोबळ अंदाज धरतात. म्हणजे नऊ इंची भिंतीला आठ-नऊ महिने सहज लागतील. ही घाई करण्याची जागा नाही. पण भिंत उघडीच आहे, तर वायरिंगचे काम याच काळात जाणकार इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे, म्हणजे तोडफोड एकदाच होईल. नंतरचा गिलावा सिमेंटचा असेल तर त्यावर किमान सात दिवस पाणी मारावे आणि सुमारे २८ दिवस थांबूनच रंग द्यावा. जुन्या विटांच्या भिंतीला मात्र मी चुन्याचा गिलावा सुचवेन, कारण त्यातून भिंतीतली उरलीसुरली ओल बाहेर पडत राहते; त्यावर रंगही चुन्याचा किंवा तसाच बाष्प जाऊ देणारा हवा.

मागची मोठी झाडे शेवटच्या टप्प्यात ठेवू नका. ती वाढायला वर्षे लागतात, म्हणून पहिल्याच वर्षी लावा; मात्र गवंडीकामाची वाळू आणि राडारोडा ज्या वाटेने येणार-जाणार, ती वाट सोडून लावा, कारण जड ये-जा झालेल्या जमिनीत मुळांना शिरकाव मिळत नाही. लावण्यापूर्वी खड्ड्यात पाणी भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल तर त्या जागी झाड लावू नका. ठिबकच्या नळ्या सर्वांत शेवटी अंथरा, आणि नव्या वाफ्यात त्यांची पहिली ओळ भिंतीकडच्या कडेला न ठेवता अंगणाकडच्या कडेपासून सुरू करा.