महाविद्यालयातील दिव्यांग जनजागृती सप्ताह: कार्यक्रम कसे आखावेत?

प्रश्न | रासेयो अधिकारी, पुणे

नमस्कार. मी पुण्यातील एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणूनही काम पाहतो. येत्या सप्टेंबरमध्ये कर्णबधिरत्व आणि एकूणच दिव्यांगत्व या विषयावर जनजागृती सप्ताह घ्यावा, असे प्राचार्यांनी सुचवले आहे. २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो आणि लगेच २४ तारखेला रासेयोचा स्थापना दिन येतो, त्यामुळे दोन्ही एकत्र साधता येतील, असा विचार आहे. पहिल्या बैठकीत ठरलेला आराखडा असा: उद्घाटन आणि प्रमुख पाहुण्यांचे व्याख्यान, प्रभात फेरी, भित्तिपत्रक स्पर्धा, पथनाट्य, डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा कानांत बोळे घालून आवारात फिरण्याचा उपक्रम, आणि समारोपाला आमच्याच दिव्यांग विद्यार्थ्यांचा सत्कार.

कागदावर हे नेटके दिसते, पण माझे समाधान होत नाही. आमच्याकडे कला आणि वाणिज्य शाखांत मिळून काही कर्णबधिर विद्यार्थी आहेत, दोघे अंध आहेत आणि एक विद्यार्थिनी व्हीलचेअरवरून येते. यांपैकी कोणीही समितीवर नाही. शिवाय ज्या सभागृहात उद्घाटन व्हायचे आहे ते पहिल्या मजल्यावर असून त्या इमारतीला लिफ्ट नाही, ही गोष्ट बैठक संपेपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नव्हती. पट्टी बांधून फिरण्याच्या उपक्रमाचा खरोखर उपयोग होतो का, सांकेतिक भाषेचे दुभाषी बोलवायचे तर कोणती तयारी करावी लागते, आणि या विद्यार्थ्यांना प्रदर्शनात मांडल्यासारखे न वाटता सहभागी कसे करून घ्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर | वाणिज्य पदवीधर

सर, मी जन्मतः कर्णबधिर आहे. दहावीपर्यंत विशेष शाळेत होतो, तिथे श्रवणयंत्र आणि ओठांच्या हालचालींवरून समजून घेणे यावरच भर होता. सांकेतिक भाषा मी वर्गात शिकलो नाही, मधल्या सुट्टीत मित्रांकडून शिकलो. पुढे सर्वसाधारण महाविद्यालयातून बी.कॉम. आणि एम.कॉम. केले.

आमच्या महाविद्यालयातही असा सप्ताह होत असे. मला पहिल्या रांगेत बसवले जाई, शाल-श्रीफळ दिले जाई, आणि मग पाहुणे आमच्याविषयी तासभर बोलत. दुभाषी नसे. शेजारी बसलेल्या मित्राला मी खुणेने विचारले की काय चालले आहे, तेव्हा त्याने माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिले, "तुम्ही सगळे प्रेरणादायी आहात म्हणतायत." तासाभराच्या भाषणातून माझ्यापर्यंत पोहोचले ते एवढेच.

त्याच वर्षी परीक्षेत प्रश्नपत्रिकेतील एक चूक पर्यवेक्षकांनी तोंडी सांगितली. आकडा दुरुस्त करून घ्या, असे ते म्हणाले असावेत. सगळा वर्ग खाली वाकून काहीतरी खोडतो आहे, हे मला दिसले. काय खोडतो आहे, ते मला बाहेर आल्यावर कळले. दुरुस्ती फळ्यावर लिहा, ही एक सूचना परीक्षा विभागाने सर्व पर्यवेक्षकांना दिली, तर तुमच्या सप्ताहातील कोणत्याही पथनाट्यापेक्षा ती अधिक कामी येईल. फळ्याकडे तोंड करून बोलणे, शिष्यवृत्तीची मुदत केवळ ध्वनिक्षेपकावरून जाहीर करणे, उपस्थिती नाव पुकारून घेणे, अशा गोष्टी तुमच्या विद्यार्थ्यांना आधी विचारा. मात्र लेखी विचारा आणि उत्तर द्यायला वेळ द्या, कारण समोरासमोर विचारले की आम्ही बहुतेक जण "काही अडचण नाही" म्हणून मोकळे होतो.

कानांत बोळे घालण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो उपक्रम करू नये. एक तर बोळ्यांमधूनही बरेच ऐकू येते. दुसरे म्हणजे, ज्याला ऐकू येत होते त्याचे ऐकणे अर्धा तास बंद केल्याने त्याला फक्त कोंडल्यासारखे होते. माझी भाषा, माझे मित्र, आमचे एकमेकांची टिंगल करणे, यातले त्या बोळ्यांत काहीच नसते. त्याऐवजी एखाद्या कर्णबधिर वक्त्याला बोलवा आणि विषय द्या इतिहासाचा. १८८० साली मिलान येथील परिषदेत ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणातून सांकेतिक भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला, आणि तो ठराव त्याच परिषदेच्या परंपरेतील व्हॅन्कुव्हरच्या अधिवेशनात २०१० साली अधिकृतपणे नाकारला गेला. मधल्या १३० वर्षांत काय घडले, हे पुण्यातल्या विद्यार्थ्यांना समजले पाहिजे, कारण आमच्या शाळाही त्याच वाटेने गेल्या. वक्ता हातांनी बोलेल आणि दुभाषी ते मराठीत सांगेल. त्या दिवशी दुभाष्यावाचून अडेल ते तुमचे.

उत्तर | दुभाषी

सर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण नेमक्या याच तयारीत कार्यक्रम बिघडतात.

सर्वप्रथम तारीख. आंतरराष्ट्रीय कर्णबधिर सप्ताह सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात असतो. जागतिक कर्णबधिर महासंघाने १९५८ साली रोममध्ये तो सुरू केला, आणि महासंघाची स्थापना २३ सप्टेंबर १९५१ ची, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी तोच दिवस सांकेतिक भाषा दिन म्हणून निवडला. परिणामी त्या आठवड्यात प्रत्येक संस्थेला आमची आठवण होते. प्रशिक्षित दुभाषी आधीच मोजके आहेत, आणि आदल्या दिवशी येणाऱ्या फोनला नकार देण्याखेरीज आमच्या हाती काही नसते. तुम्ही जूनमध्येच ठरवून ठेवा, नाहीतर कार्यक्रम सरळ जानेवारीत घ्या. बोलावताना प्रशिक्षण विचारा. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण संस्था तसेच मुंबईतील अली यावर जंग संस्था येथे रीतसर अभ्यासक्रम चालतात. "आमच्या ओळखीतल्या एका बाईंना थोडे येते", यावर तासाभराचे व्याख्यान निभत नाही.

तासाहून अधिक चालणाऱ्या कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात. आम्ही साधारण वीस मिनिटांनी जागा बदलतो, कारण ऐकणे, समजणे आणि दुसऱ्या भाषेत मांडणे हे एकाच वेळी चालू असते आणि थकल्यावर आधी अचूकपणा जातो, हात नंतर थकतात. भाषणाचा मसुदा, पाहुण्यांची नावे, स्वागतगीताचे शब्द हे सारे दोन दिवस आधी द्या. वक्त्याने मध्येच तुकोबांचा अभंग म्हटला, तर त्याचा अर्थ आम्हाला तिथल्या तिथे खुणांत बांधावा लागतो. अभंग आधी माहीत असेल तर तो अभंगासारखा पोहोचतो.

आता मंच. दुभाषी वक्त्याच्या शेजारी, एका नजरेत दोघे येतील असा उभा हवा. पोडियमवरच्या फुलांच्या आरासीमागे नको. पाठीमागे साधा, गडद रंगाचा पडदा ठेवा, कारण चकचकीत फ्लेक्ससमोर हलणारे हात पाहताना डोळे शिणतात. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे प्रोजेक्टर सुरू झाला की कोणीतरी उत्साहाने सगळे दिवे घालवतो आणि दुभाषी काळोखात उभा राहतो. एक दिवा आमच्यावर राहू द्या. पडद्यावर तक्ता आला की वक्त्याने क्षणभर थांबावे, कारण तक्ता आणि हात एकाच वेळी वाचता येत नाहीत. कर्णबधिर पाहुण्याशी बोलताना त्यांच्याकडे पाहून बोला. "त्यांना सांगा की..." असे माझ्याकडे पाहून म्हणणारे प्राचार्य मला दरवर्षी भेटतात.

सगळ्यांनाच सांकेतिक भाषा येते, असे समजू नका. सर्वसाधारण शाळेतून आलेल्या, श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट वापरणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांना पडद्यावर मराठी अक्षरे हवी असतात. आपोआप उमटणारी मराठी उपशीर्षके नावांवर आणि पारिभाषिक शब्दांवर अडखळतात, म्हणून तुमच्या कार्यालयात ज्याचा मराठी टंकलेखनाचा हात सर्वांत चालतो त्याला मसुदा देऊन बसवा.

आणि सांकेतिक भाषेची कार्यशाळा घेणार असाल तर ती कर्णबधिर शिक्षकाकडून घ्या. दोन तासांत मुळाक्षरे, अभिवादन आणि चार प्रश्न एवढेच होते, पण या भाषेत प्रश्नवाचक खूण वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया व चेहरा हे व्याकरणाचाच भाग आहेत, हे त्या शिक्षकाला पाहताच कळते. दोन दिवसांत पाठ केलेले "सांकेतिक समूहगीत" मात्र कृपया टाळा. समोर बसलेल्यांना त्यातले बहुधा काही कळत नाही.

उत्तर | निवृत्त समन्वयक, समान संधी कक्ष

वरील दोन्ही उत्तरांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु भित्तिपत्रके आणि फेऱ्या इतक्या सहज मोडीत काढू नयेत असे मला वाटते. व्यवस्थापनाकडून पैसा आणि लक्ष मिळवण्याची संधी वर्षातून एकदाच येते, आणि ती अशा दिखाऊ कार्यक्रमांच्याच निमित्ताने येते. प्रश्न आहे तो त्या संधीचा उपयोग कशासाठी करायचा, हा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. कलम १६ नुसार अनुदानित वा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने इमारत सुगम करणे आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय पुरवणे अपेक्षित आहे, तर कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. सुगमतेची मानके ऐच्छिक असू शकत नाहीत, ती बंधनकारकच हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले आहे. तेव्हा पहिल्या मजल्यावरील सभागृहाचा विषय समितीने प्राचार्यांपुढे लेखी ठेवावा. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे, ही गोष्ट पत्रात सहज आली तरी पुरते.

आणखी एक मुद्दा असा की, प्रमाणपत्र असलेल्यांचीच यादी पाहून थांबू नका. कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल ऱ्हास म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० म्हणजे श्रवणदोष, अशी व्याख्या आहे. एका कानाने ऐकू न येणारा मुलगा यात कुठेच बसत नाही, पण शेवटच्या बाकावर त्याला व्याख्यान अर्धेच मिळते. विकास कुमार प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने, किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट पूर्ण होत नाही एवढ्यावरून परीक्षेत लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तोच विचार वर्गातही लावावा. दुभाष्याचे मानधन "सप्ताह खर्च" या शीर्षाखाली दाखवू नका. वार्षिक अंदाजपत्रकात त्याचे स्वतंत्र शीर्ष उघडून घ्या, म्हणजे पदवीप्रदान समारंभालाही ते वापरता येईल.

उत्तर | मराठीचा प्राध्यापक

मी अंध आहे, म्हणून पट्टीविषयी दोनच शब्द. पट्टी बांधलेल्या विद्यार्थ्याला अंधत्वाची पहिली दहा मिनिटे मिळतात, म्हणजे निव्वळ धास्ती. पांढरी काठी वापरायला लागणारा सराव, पायाखालच्या फरशीवरून जागा ओळखणे, यातले त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. पट्टी सोडल्यावर तो म्हणतो, "देवाने आपल्याला डोळे दिले, केवढे उपकार!" आणि माझ्याकडे अधिक कणवेने पाहू लागतो. मला त्याची कणव नको, त्याच्या नोट्स हव्यात, आणि त्या वाचता येतील अशा स्वरूपात हव्यात.

उपक्रम हवाच असेल तर असा करा. संगणक प्रयोगशाळेत एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली) बसवा, पडदा बंद करा, आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून परीक्षेचे वेळापत्रक शोधायला सांगा. वहीच्या पानांचे फोटो काढून केलेल्या पीडीएफपुढे यंत्र गप्प बसते. युनिकोडपूर्व टंकांत केलेली मराठी पत्रके ते इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून वाचून दाखवते. आमच्या विभागाची एक जुनी प्रश्नपेढी मी तशी ऐकली आहे, आणि ज्ञानेश्वरीवरचे प्रश्न त्या उच्चारांत ऐकणे हा एक स्वतंत्र करमणुकीचा प्रकार होता. जे विद्यार्थी हे ऐकतील त्यांच्यापैकी दहा जणांना ती पत्रके युनिकोडमध्ये टंकायला बसवा आणि त्याचे रासेयोचे तास द्या.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद | रासेयो अधिकारी, पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. समितीची बैठक पुन्हा झाली. कार्यक्रम जानेवारीत न्यायचे ठरले, उद्घाटन तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या वाचनकक्षात होईल, आणि पट्टी-बोळ्यांचा उपक्रम वगळून स्क्रीन रीडरचा घेतला आहे. सत्कार मात्र प्राचार्यांना हवाच आहे. तो गुणवत्तेवर आणि इतर विद्यार्थ्यांबरोबरच व्हावा, एवढे मान्य करून घेतले.

विद्यार्थ्यांना लेखी विचारल्यावर दोन कर्णबधिर विद्यार्थी समितीवर आले. व्हीलचेअर वापरणाऱ्या विद्यार्थिनीने समितीवर येण्यास नम्रपणे नकार दिला, कारण तिला सनदी लेखापालाच्या परीक्षेची तयारी करायची आहे. तिने एकच गोष्ट लिहून दिली: रुंद दाराचे जे एकमेव स्वच्छतागृह आहे त्यात झाडू, बादल्या आणि जुनी बाके भरून ठेवली असून त्याची किल्ली शिपायाकडे असते. ते मी काल स्वतः उघडून पाहिले आणि आज रिकामे करून घेतले. कडी आतून लावली की दार अडकते, ते सुताराकडे सोपवले आहे.

एक शंका उरली आहे. कर्णबधिर वक्ते खुणांनी बोलतील तेव्हा दुभाष्यांनी कुठे थांबावे? तेव्हाही मंचावरच का?

उत्तर | दुभाषी

नाही सर. तेव्हा दुभाष्याला वक्त्याचे हात समोरून दिसायला हवेत, म्हणून तो श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत, मंचाकडे तोंड करून बसतो आणि तेथूनच मराठीत बोलतो. ध्वनिव्यवस्थेवाल्याला पहिल्या रांगेसाठी वेगळा माईक आधीच सांगून ठेवा, आणि सूत्रसंचालकालाही कल्पना द्या, नाहीतर आवाज खालून येतो आहे हे पाहून तो माईक उचलून मंचावर नेऊन ठेवतो. वक्त्यांना आदल्या दिवशी अर्धा तास भेटता आले तर फार बरे, कारण प्रत्येकाची खुणा करण्याची लय वेगळी असते. प्रश्नोत्तरांच्या वेळी मात्र दोघांपैकी एक दुभाषी मंचावर लागेल, एक खाली. तेवढ्यासाठी पहिल्या रांगेतील कडेच्या दोन खुर्च्या राखून ठेवा.