पहिला बदल नेमका कोणता करावा?

प्रश्न
वय चाळिशीपुढचे, काम पूर्णपणे बैठे. कोणत्याही आजाराचे निदान झालेले नाही. परंतु सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही, दुपारनंतर कामात मन लागत नाही आणि किरकोळ कारणावरून चिडचिड होते. आहार, व्यायाम, झोप, ध्यान यांविषयी इतके सल्ले वाचनात येतात की सगळे एकदम आचरणात आणणे शक्य नाही. शरीर आणि मन या दोहोंना उपयोगी पडेल असा पहिला बदल कोणता आणि तो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
उठण्याची वेळ निश्चित करा. झोप ठरवून येत नाही, उठणे मात्र आपल्या हाती असते. मेंदूतील जैविक घड्याळ मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून आपली वेळ जुळवून घेते. म्हणून रोज एकाच वेळी उठून थोडा वेळ मोकळ्या उजेडात घालवला, तर रात्री मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक लवकर स्रवू लागते आणि झोपेची वेळ हळूहळू अलीकडे सरकते. आकाश ढगाळ असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी प्रखर असतो, त्यामुळे खिडकीआड बसून तेवढा लाभ होत नाही. प्रौढांना किमान ७ तास झोप हवी. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे उतरायलाच साधारण ५ तास लागतात, तेव्हा चहा-कॉफी दुपारनंतर टाळावी. हा बदल मी पहिला मानतो, कारण झोप अपुरी राहिली की भूक वाढते, हालचालीचा कंटाळा येतो आणि रागही लवकर येतो. म्हणजे पुढचे सर्व बदल तिथेच अडतात.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे. त्याला चालण्याची जोड द्यावी. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसभर दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, शिवाय किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा. एवढे एकदम जमत नसेल, तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. त्या वेळी स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि ती एकाएकी फार वाढत नाही.

प्रतिसाद ३
एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुरेशी झोप होऊनही थकवा राहत असेल, तर रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा झोपेत श्वास अडखळणे यांपैकी काही आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. मोठ्याने घोरणे हे यातल्या शेवटच्या विकाराचे नेहमीचे लक्षण आहे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तरीही सल्ला घ्यावा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुट्टीच्या आदल्या रात्री जागरण झाले, तरी त्याच वेळी उठावे का?

प्रतिसाद १
शक्यतो होय, फार तर अर्धा-पाऊण तास उशीर चालेल. राहिलेली झोप दुपारी वीस मिनिटांच्या डुलकीत भरून काढावी, पण ती संध्याकाळपर्यंत लांबू देऊ नये, अन्यथा त्या रात्रीही झोप उशिरा येईल.